पाच बोल्टांचा पुरावा

कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मोटारी जुळवायला सुरुवात केली ती १९४७ साली. वालचंद हिराचंदांच्या पुढाकाराने कंपनी निघाली १९४४ मध्ये, आणि करार झाला अमेरिकेच्या क्रायस्लरशी. त्यामुळे या कारखान्याच्या फाटकातून आधी बाहेर पडल्या त्या डॉज, डिसोटो आणि प्लिमथ. मुंबईच्या टॅक्सीमुळे सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेली फियाट मागाहून आली.

आज जिला मसल कार म्हणतात ती गाजू लागली १९६४ च्या पाँटियाक जीटीओपासून. तोवर आपल्याकडे परदेशी मोटारींच्या आयातीची दारे जवळजवळ बंद झाली होती. तेव्हा या घराण्याचा आपल्या मातीवर जुळवलेला पूर्वज शोधायचा, तर कुर्ल्याच्या डॉजपाशीच थांबावे लागते. इंजिन सहा सिलिंडरचे, साइड व्हॉल्व्हचे, ताकद बेताची. मसल कारचा दिमाख तिच्यात अजिबात नाही. पण तिचे चाक ज्या पाच बोल्टांनी हबला धरलेले असते, त्यांचे वर्तुळ साडेचार इंचांचे, म्हणजे ११४.३ मिलिमीटरचे आहे. १९६८ च्या डॉज चार्जरचेही तेवढेच.

समजा, अशी एखादी डॉज कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कडावच्या एखाद्या शेतघराच्या पत्र्याखाली उभी आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख. रिमांना गंज चढलेला, टायरांना भेगा पडलेल्या. मालकाला चाके बदलायची आहेत. मूळची कोणती होती आणि आज कोणती बसतील, हे ठरवायचे कशावरून?

इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पिढीने मराठी इतिहासाला शिस्त लावली ती अस्सल कागद आधी आणि बखर मागून, अशी. मोटारीलाही तीच लावावी. अस्सल पुरावा म्हणजे हबवर मोजता येणारी मापे आणि रिमवरचे ठसे. त्याखालोखाल त्या वर्षीचे कारखान्याचे दुरुस्ती-पुस्तक आणि सुट्या भागांची यादी. मग जाहिरात, ती खोटे बोलतेच असे नाही, पण सोयीचे तेवढेच सांगते. सर्वांत शेवटी कोणाची तरी आठवण. ‘आमच्या काकांकडे होती, तिला सोळाची चाकं होती’ ही बखर झाली. खरी असेलही, पण कोणत्या सालच्या गाडीबद्दल?

सालाचा मुद्दा इथे कळीचा आहे. युद्ध संपल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत प्लिमथला ६.००-१६ टायर येत. पुढे कमी दाबाच्या, रुंद टायरांची लाट आली आणि १९४९ च्या नव्या मॉडेलला ६.७०-१५ मिळाले. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत. आपल्याकडे गाडी सुट्या भागांच्या पेट्यांतून येई, कुर्ल्यात जुळे, विकली जाई आणि मग तिची नोंदणी होई. त्यामुळे नोंदणीचे साल हे मॉडेलचे साल असेलच असे नाही. काकांची सोळाची चाके आणि पुस्तकातली पंधराची, दोन्ही बरोबर असू शकतात. गाड्या वेगळ्या, एवढेच.

आता चाक प्रत्यक्ष उतरवून पाहू, कारण खरा मजकूर तिथे आहे. या काळच्या क्रायस्लर गाड्यांना हबमधून बाहेर आलेले स्टड नसतात. बोल्टच हबमध्ये पिळले जातात. म्हणजे जड चाक एका हाताने तोलायचे आणि दुसऱ्या हाताने भोके जुळवायची. ही कसरत सोपी व्हावी म्हणून ड्रमवर एक आखूड खिळी ठेवलेली असते आणि चाकात तिच्यापुरते एक जादा भोक. बाजारातल्या नव्या चाकाला हे भोक नसते. मग ते खिळीवर टेकते आणि ड्रमला सपाट बसत नाही. दुसरी खूण आट्यांची. गाडीच्या डाव्या बाजूच्या बोल्टांना उलटे आटे असतात. फिरत्या चाकाने बोल्ट सैल होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. क्रायस्लरने ही पद्धत १९७० च्या सुमारापर्यंत चालवली. बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी ‘एल’ अक्षर दिसले की समजावे. ते न पाहता पान्यावर उभे राहून जोर करणारा बोल्ट सोडवत नाही, आवळत असतो, आणि शेवटी मोडतो. दोन्ही बाजूंना सुलटे बोल्ट दिसले तर हब केव्हातरी बदललेला आहे, हेही याच पुराव्यातून कळते.

साडेचार इंचांचे वर्तुळ ही मोठी सोय आणि तेवढाच मोठा सापळा. इनोव्हा आणि क्रेटा यांची चाकेही पाच बोल्टांची, ११४.३ चीच आहेत. जुन्या बाजारात ती सहज मिळतात आणि ‘बसतंय की’ म्हणून गळ्यात मारली जातात. बोल्ट बसतात हे खरे. पण रिमच्या रुंदीचा मध्य आणि चाक हबला टेकते ती बाजू यांतले अंतर, ज्याला ऑफसेट म्हणतात, ते जुळत नाही. क्रेटासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते चाळीस-पन्नास मिलिमीटरच्या घरात असते. जुन्या अमेरिकन गाडीत त्याच्या मानाने फारच कमी. नवे चाक तितके आत सरकते आणि पुढे स्टिअरिंगच्या दांड्यांना, मागे स्प्रिंगला घासू लागते. मधल्या भोकाचा व्यासही ताडून पाहावा लागतो, कारण हबची टोपी त्यातून बाहेर यायची असते. आत सरकणाऱ्या चाकावर उपाय म्हणून दुकानदार स्पेसर, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती, सुचवतो. माझे मत विचाराल तर सत्तर वर्षांच्या बेअरिंगवर आणि बोल्टांवर हा भार टाकू नये.

टायरचा हिशेब त्याहून मजेदार आहे. ६.७०-१५ ची उभी उंची साधारण सातशे मिलिमीटर. आता २१५/७५ आर १५ घ्या. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१. वरचे आणि खालचे मिळून सुमारे ३२२. त्यात पंधरा इंची रिमचे ३८१ मिळवले की होतात ७०३. हा टायर बोलेरोचा. कर्जतपासून मुरबाडपर्यंत कोणत्याही टायरवाल्याला माहीत असलेला. उंची जुळली, स्पीडोमीटरही खरे बोलेल. मात्र जुनी रिम साडेचार इंच रुंद, आणि या टायरला निदान साडेपाच इंची रिम लागते. अरुंद रिमवर चढवला तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि वळणावर गाडी डुलते. शिवाय रिमची चकती रिव्हेटांनी जोडलेली असेल तर त्या फटींतून हवा जाते, म्हणून ट्यूब हवीच. क्रायस्लर आपल्या जाहिरातींत ‘सेफ्टी रिम’ मिरवत असे. पंक्चर झालेला टायर घसरून सुटू नये म्हणून रिमवर ठेवलेला तो उंचवटा होता. तो खरा आहे, पण हवा धरण्याशी त्याचा संबंध नाही. तेव्हा जुन्या रिमा ठेवायच्या असतील तर ट्यूबचा नायलॉन टायर; रेडियल हवा असेल तर मूळच्याच ऑफसेटची रुंद पोलादी रिम. एका गाडीवर दोन्हींची मिसळ करू नये.

साठच्या दशकातली खरी मसल कार असेल तर टायरवरची लिपी बदलते. एफ७०-१४ मधला ‘एफ’ भार सांगतो, ७० म्हणजे उंची रुंदीच्या सत्तर टक्के, १४ म्हणजे रिम. तिला आजचा २१५/७० आर १४ जवळचा. पाँटियाकच्या हबवर मात्र फीत लावूनच पुढे जावे. तिथे वर्तुळ पावणेपाच इंचांचे आहे आणि नुसत्या नजरेला ते साडेचारच वाटते.

कायद्याचे कागदही या पुराव्यांसोबत ठेवावेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९५ वा नियम टायरच्या आकाराबद्दल आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून गाडी दूर नेता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. २०२१ च्या व्हिंटेज नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असली तरच तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. त्यामुळे क्रोमची अठरा इंची चाके चढवणाऱ्याने आपल्याला व्हिंटेजचा क्रमांक हवा की रुबाब, हे आधी ठरवावे.

नवा टायर घेतानाही वाचायचे सोडू नये. टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३१४ असेल तर तो २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी कोरी करकरीत असली तरी इतका जुना टायर विकत घेऊ नये. आणि एक विनंती. अशा गाडीबरोबर दुरुस्तीचे जुने पुस्तक, बिले, टायरच्या पावत्या मिळाल्या तर रद्दीत घालू नका. कर्जतच्या पावसात कागद रिमच्या आधी जातो, म्हणून त्यांच्या प्रती काढून एक संच गाडीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा.