पहाटे उठणाऱ्यांचा इतिहास



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबर महिन्यात कॉलेजच्या मुलांचे शिबिर घेऊन मी चिखलदऱ्याजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. शिबिर म्हटले की वेळापत्रक आले, आणि ते लिहायचे काम इतिहासाच्या मास्तराकडे आले. मीही ते हौसेने लिहिले. साडेचारला उठणे. पावणेपाचला गार पाण्याने स्नान. पाचला प्रार्थना, सव्वापाचला व्यायाम, सहाला चिंतन, साडेसहाला दिवसाचा संकल्प वहीत लिहिणे, सातला त्या संकल्पावर चर्चा. आणि हे सर्व आटोपल्यावर, आठ वाजता, ज्यासाठी आलो होतो ते श्रमदान!

चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. डिसेंबरातली तिथली पहाट कशी असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. पहिल्या दिवशी सगळे उठले. दुसऱ्या दिवशी निम्मे उठले. तिसऱ्या दिवशी चिंतनाला चौदा मुले डोळे मिटून बसली होती. त्यातली खरे चिंतन किती करीत होती, ते घोरण्याच्या आवाजावरून कळत होते. आणि आठ वाजता कुदळ उचलायची वेळ आली तेव्हा कोणाच्याच अंगात त्राण नव्हते.

त्याच सकाळी आम्ही गावातून चाललो असताना एका घराच्या ओट्यावर एक गडी डोक्यावरून घोंगडी ओढून गाढ झोपलेला दिसला. मला आयताच दृष्टांत सापडला. मी मुलांना थांबवले आणि म्हणालो, "पाहा! सूर्य माथ्यावर यायला निघाला, आणि हा गृहस्थ अजून झोपलाय. आपला देश मागे का, ते इथे समजतं."

ओसरीवर एक म्हातारी तूर निवडत होती. तिने मान वर केली आणि म्हणाली, "रातभर जागलीवर होता जी गुर्जी तो. डुकरं तूर ठेवत नाईत. आत्ता कुठी डोया लागला त्याचा."

मी काय बोलणार! ज्या माणसाने थंडीत रात्रभर शेकोटीपाशी बसून, डबा बडवून, ओरडून आपले पीक राखले, त्याला मी आळसाचा नमुना म्हणून मुलांपुढे उभा केला होता. तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. लवकर उठणे चांगले, यात वाद नाही. पण त्याचे हे खूळ केव्हा होते? इतिहास काय सांगतो?

आपल्याकडे दिनचर्या सांगण्याची परंपरा जुनी आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात, अकराव्या दशकात, माणसाने दिवस कसा घालवावा ते क्रमाने आले आहे. पहाटे उठणे, पाठांतर, शुद्धी, स्नान, पूजा. पण समर्थ तिथे थांबत नाहीत. यापुढे थोडे खाऊन संसारधंद्याला लागायचे, लोकांशी गोड बोलायचे, हेही ते लगेच सांगतात. पहाट ही दिवसाची पायरी आहे. पायरीवरच बिऱ्हाड करायचे नाही.

पायरीवर बिऱ्हाड केल्याची गोष्ट मात्र पेशवाईत घडली, आणि तीही मोठ्या गुणी पुरुषाच्या हातून. थोरले माधवराव पेशवे 1761 साली गादीवर आले तेव्हा सोळा वर्षांचे होते. पानिपतानंतरचा तो काळ. डोक्यावर कर्ज, चहूकडे शत्रू. अशा वेळी या तरुण पेशव्याला जपाची गोडी लागली. ग्रांट डफने 1826 साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग दिला आहे. न्यायाधीश रामशास्त्री सरकारी कामासाठी आले, तो पेशवे जपात गढलेले. शास्त्रीबुवा मुकाट्याने परत फिरले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी काशीला जाण्याची परवानगी मागितली. माधवरावांनी दिलगिरी दर्शवली, पण जप करणे हे ब्राह्मणाचे कर्तव्यच आहे, असेही सांगून पाहिले. त्यावर शास्त्रीबुवांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : ब्राह्मणाचा धर्म पाळायचा तर राज्य सोडून चला माझ्याबरोबर गंगेवर, आणि राज्य करायचे तर रयतेचे रक्षण हाच तुमचा धर्म. माधवरावांनी तो परिपाठ सोडला. जप वाईट होता असे नव्हे. पण दारात न्याय मागणारी माणसे खोळंबली होती. 1772 साली, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, माधवराव वारले. तेवढ्या काळात त्यांनी जे करून ठेवले, त्यात रामशास्त्र्यांच्या त्या भेटीचाही वाटा धरला पाहिजे.

त्याच सुमारास सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत, बेंजामिन फ्रँकलिन नावाचे एक गृहस्थ होते. छापखानेवाले, शास्त्रज्ञ, मुत्सद्दी. आज पहाटेच्या वेळापत्रकांचा जो बाजार भरला आहे, त्याचे हे आजोबा म्हणायला हरकत नाही. आत्मचरित्रात त्यांनी आपल्या चोवीस तासांचा तक्ता दिला आहे. पाचला उठायचे आणि आज कोणते चांगले काम करू, असे स्वतःला विचारायचे. तेरा सद्गुणांची यादी करून त्यांनी एक वही आखली होती. जिथे चूक होईल तिथे काळा ठिपका. आपले लोक इथपर्यंतच वाचतात. पुढे फ्रँकलिनसाहेबांनी स्वतःच कबुली दिली आहे, की या सद्गुणांपैकी 'व्यवस्थितपणा' काही आपल्याला साधला नाही. कारणही त्यांनी दिले आहे. जो स्वतःच्या वेळेचा मालक आहे त्याला असा तक्ता पाळता येईल. पण ज्याला चार लोकांत वावरायचे आहे, त्याच्याकडे लोक स्वतःच्या सोयीने येणार. मग तक्ता कोलमडायचाच.

हेच फ्रँकलिन 1784 साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, पॅरिसमध्ये होते. तिथल्या एका वृत्तपत्राला त्यांनी मोठे मिस्कील पत्र लिहिले. आपण दुपारपर्यंत झोपणारे. एके दिवशी चुकून सकाळी सहाला जाग आली, आणि काय आश्चर्य, सूर्य उगवताक्षणीच उजेड देतो, असा शोध लागला! मग मेणबत्त्यांच्या बचतीचा लांबलचक हिशेब, आणि शेवटी उपाय : पहाटे सगळ्या देवळांच्या घंटा वाजवा, तेवढ्याने भागले नाही, तर रस्त्यारस्त्यांत तोफा उडवा. सांगायचे ते काय, तर ज्याने तक्ता केला, त्याला तक्त्यावर हसायलाही येत होते. आजच्या शिष्यांनी तक्ता घेतला आणि हसू तेवढे टाकून दिले.

तोफांचे नाव निघाले म्हणून गाविलगडाकडे वळू. चिखलदऱ्याहून हा किल्ला हाकेच्या अंतरावर आहे. 1803 च्या डिसेंबरात आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याने तो घेतला. अरुंद पलंगावर झोपावे, आणि कूस बदलावीशी वाटली की उठावे, अशी त्याची ख्याती सांगतात. पण गाविलगड काही या पलंगाने पडला नाही. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने सात ते बारा डिसेंबर या दिवसांत डोंगर फोडून वाट केली आणि अवजड तोफा उत्तरेच्या अंगाला ओढून नेल्या. ओढणारे होते शिपाई, मजूर आणि बैल. ते किती वाजता उठले हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ते झोपले तरी केव्हा, हाच प्रश्न आहे. आणि शेवटचा हल्ला? तो पंधरा तारखेला सकाळी दहाच्या सुमारास सुरू झाला.

पहाट ही सद्गुणाची नसून सक्तीचीही असते, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवले. सुरुवातीच्या काळात गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. गिरणीकामगार रोजच अंधारात उठत होता, पण त्यामुळे तो श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी या लोकांना एकत्र केले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. जास्त लवकर कसे उठावे हे लोखंड्यांनी कामगाराला शिकवले नाही. आठवड्यातून एक दिवस विसावा मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे मात्र शिकवले.

आता आपल्या वऱ्हाडचाच दाखला देतो. गाडगेबाबा 1876 साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावला जन्मले आणि 1956 साली अमरावतीजवळच त्यांनी देह ठेवला. बाबा गावात शिरले की हातात खराटा घेत. गाव झाडून झाले की रात्री कीर्तन. ते रात्री किती उशिरापर्यंत चाले! बाबांच्या दिनचर्येचे पुस्तक कोणी काढायचे म्हटले, तर ते एका पानात संपेल. पण त्या खराट्याच्या आणि कीर्तनाच्या मागे धर्मशाळा, शाळा, सदावर्ते उभी राहिली. लिहायला वाचायला न येणाऱ्या या माणसाने संकल्पाची वही लिहिली नव्हती. समोर घाण दिसली की काम सुरू, इतकेच.

शेतकऱ्याला तरी हे वेगळे काय सांगायचे? चिखलदऱ्याचा गवळी काळोखात उठतो, कारण म्हैस वाट पाहत असते. उन्हाळ्यात आपण पहाटे वखर धरतो, कारण दहानंतर वऱ्हाडचे ऊन उभे राहू देत नाही. पण पऱ्हाटीत कापूस फुटला असला, तर जाणती बाई दव सुकण्याची वाट पाहते. ओला कापूस गंजीत टाकला तर तो पिवळा पडतो. म्हणजे केव्हा उठायचे हे म्हैस ठरवते, ऊन ठरवते, दव ठरवते, आणि डुकरेही ठरवतात. घड्याळाचा नंबर त्यानंतर.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. पहिल्या तासाला डुलक्या देणारे पोर प्रत्येक वर्गात असते. आजकाल मोबाईलमुळे जागणारीही आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्याला बाकावर उभे करण्याआधी, रात्र कुठे गेली एवढे विचारावे. कदाचित ते बापाबरोबर जागलीला गेले असेल. कदाचित रात्री वीज आली म्हणून ओलीत करीत असेल. मी विचारले नाही, आणि ती शरम मला अजून सोडत नाही.

पुढच्या वर्षी आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो. या खेपेला वेळापत्रक लिहिण्याआधी मी गावकऱ्यांना विचारले, "आमची मुलं तुम्हाला केव्हा हवीत?" ते म्हणाले, "ढोरंबिरं, दूधबीध आटपू द्या. नऊ वाजता या जी, आमचे पोट्टेबी संग येतीन." आम्ही नऊला गेलो. नाल्यावरचा जो दगडी बांध आदल्या वर्षी अर्धा राहिला होता, तो सहा दिवसांत पुरा झाला. आमच्याबरोबर दगड उचलणाऱ्यांत तो ओट्यावरचा गडीही होता. दुपारी जेवण झाल्यावर तो झाडाखाली घटकाभर आडवा झाला, आणि त्याच्या शेजारी मीही.