सही नसलेला करार आणि गोव्यातला मुंडकार

जमीनजुमल्याचे व्यवहार कागदावरच हवेत, हे गोव्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. १५२६ साली आफोंसु मेशियाने गावकरीचे चालीरीतींवर चाललेले नियम फोरालमध्ये लिहून काढले होते. पुढे विक्रीखतासाठी नोतारियाच्या वहीत एश्क्रितूर होऊ लागली. आमच्याकडची जुनी माणसे अजून हाच शब्द वापरतात.

पण त्याच भाटात माडांखाली जे घर उभे असे, त्याचा कागद मात्र कुठेच नसे. भाटकाराने "रे, हांगा राव" म्हटले की झाले. मुंडकाराने माड राखायचे, भाटावर नजर ठेवायची, बोलावले की कामाला जायचे. चार पिढ्या त्या एका वाक्यावर राहिल्या. भाटकाराची मर्जी फिरली की तेच वाक्य हवेत विरायचे. याला 'जिव्हाळ्याचे संबंध' म्हणून उमाळे काढणारे लेख मी बरेच वाचले आहेत. ते बहुधा भाटकारांच्या नातवंडांनी लिहिलेले असतात.

शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला. मला त्यातली सगळ्यात धीट गोष्ट वाटते ती संमतीची व्याख्या. ठरलेल्या दिवसाआधी माणूस वर्षभर त्या घरात राहत असेल, आणि भाटकाराने त्या काळात त्याला काढायला दावा लावला नसेल, तर संमती होती असेच धरायचे. सही नको, साक्षीदार नको. भाटकाराचे गप्प बसणे हाच करार!

मग खटले कशावर लढले गेले? घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, मतदारयादी. म्हणजे घराबद्दल नव्हे, तर घरात राहणाऱ्याबद्दल जे कागद होते त्यांवर. भाटकाराचे उत्तर ठरलेले: हा मुंडकार नव्हे, भाडेकरू आहे, किंवा पगारी गडी आहे. कारण भाडेकरू आणि घरगडी या व्याख्येतून वगळले आहेत. आता भाडे घेतले असे म्हणायचे तर पावती दाखवा, पगार दिला म्हणायचे तर हिशेब दाखवा. ज्यांनी कधी कागद केला नाही, तेच कागदाअभावी अडकू लागले. यात मला थोडा आनंद होतो, लपवत नाही.

घर विकत घेण्याचा हक्कही याच कायद्याने दिला. मामलेदाराकडे नोंद, मग किंमत, मग सनद. नोंदीपर्यंत बरेच पोचले, सनदेपर्यंत कमी. मुंडकारांचे दावे मामलेदारांकडे अजूनही तुंबलेले आहेत, आणि दरम्यान भाट मात्र बिल्डरला विकून मोकळे होणारे भाटकार आहेत. तिथे रीतसर सह्या असतात.