मुंबईच्या कोटाबाहेरील मैदान आणि क्रीडांगणें

मुंबईंत चर्चगेटच्या आसमंतांत, सुमारें एका कोसाच्या आंत, वानखेडे व ब्रेबोर्न हीं क्रिकेटचीं दोन स्टेडियमें, कूपरेजचें फुटबॉलचें मैदान, हॉकीचें क्रीडांगण, समुद्रकांठचे जिमखाने आणि ओव्हल, क्रॉस व आझाद हीं उघडीं मैदानें आहेत. इतकीं क्रीडास्थानें एकाच ठिकाणीं कां जमलीं, असें विचारल्यास इंग्रजांच्या क्रीडाप्रेमाकडे बोट दाखविण्यांत येतें. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. खेळणारे पुढें आले. त्यांच्यापूर्वीं ती भूमि मोकळी कोणीं व कां ठेविली, हा मूळ प्रश्न होय. तो सोडविण्यास वसईच्या मोहिमेपर्यंत मागें जावें लागतें.

इ. स. १७३७ मध्यें ठाणें व साष्टी मराठ्यांच्या हातीं आलीं, आणि मे १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं वसई सर केली. माहीमच्या खाडीपलीकडे मराठ्यांचा अंमल सुरू झाला. मुंबईकर इंग्रजांनीं तेव्हां दोन उपाय योजिले. एकीकडे कॅप्टन इंचबर्ड यास चिमाजीअप्पांकडे व कॅप्टन गॉर्डन यास साताऱ्यास शाहू छत्रपतींकडे पाठविलें. दुसरीकडे कोटाच्या तटाभोंवतीं खंदक खणण्यास आरंभ केला. या कामीं शहरांतील व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. वकिलातीचा भाग इतिहासज्ञांस सुपरिचित आहे. खंदकाचा परिणाम मात्र अधिक चिरस्थायी ठरला. कौटिल्यानें दुर्गविधानांत परिखा सांगितल्या आहेत, परंतु तोफांच्या युगांत केवळ परिखा पुरत नाहीं. परिखेबाहेर शत्रूस आडोसा मिळेल असें घर वा झाड राहतां कामा नये. म्हणून तटाबाहेरचीं घरें व माड तोडण्यांत आले, आणि ही मोकळी पट्टी पुढें वेळोवेळीं रुंद करण्यांत आली. इंग्रजी कागदांत जिला एस्प्लनेड म्हणतात, ती हीच भूमि.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली व खंदकाचें प्रयोजन संपलें. तट मात्र आणखी चार तपें उभा होता. सर बार्टल फ्रियर हे गव्हर्नर असतांना (१८६२-६७) तो पाडण्यांत आला. मोकळ्या झालेल्या जागेवर सचिवालय, विद्यापीठ व हायकोर्ट यांच्या भव्य इमारती १८७८ पर्यंत पश्चिमाभिमुख उभ्या राहिल्या; त्यांच्या समोरील भाग उघडा राहिला, तेंच आजचें ओव्हल. वेस गेली, पण चर्चगेट हें तिचें नांव रेल्वेच्या स्थानकानें राखलें. कूपरेज या नांवांत तर आरमारासाठीं पिंपें बनविणाऱ्या कारागिरांची आठवण आहे.

लष्करी गरज सरतांच या भूमीवर कोणाचा हक्क, हा वाद उत्पन्न झाला. पारशी तरुण येथें पूर्वींपासूनच क्रिकेट खेळत; त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा. १८७५ मध्यें युरोपियनांचा बाँबे जिमखाना स्थापन झाला. त्यास स्वतःचें मैदान असतांही त्याचे सभासद एतद्देशीयांच्या खेळाच्या जागेवर पोलो खेळत, आणि घोड्यांच्या टापांनीं तेथील हिरवळ उखडे. १८८१ पासून शापूरजी सोराबजी यांनीं सरकारकडे अर्जांमागून अर्ज धाडले. त्या झगड्याचा वृत्तांत त्यांनीं १८९७ मध्यें पुस्तकरूपानें छापला. एका सार्वजनिक मैदानासाठीं प्रजेनें लेखणीनें केलेलें हें युद्ध आहे, आणि राजकीय चळवळींच्या इतिहासांत त्यास स्थान मिळणें न्याय्य होय.

सरकारनें वादाची तोड निराळीच काढली. लॉर्ड रे व लॉर्ड हॅरिस यांच्या कारकीर्दींत केनेडी सी फेसवर पारशी, मुसलमान व हिंदु यांस जिमखान्यांकरितां पृथक् जागा देण्यांत आल्या. ‘जिमखाना’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे. ‘गेंदखाना’ म्हणजे चेंडूचें घर, त्यावरून तो बनला असावा असें हॉब्सन-जॉब्सन कोशाचें मत आहे. जागा जातवार वांटल्या गेल्या, तसे सामनेही जातवार झाले. १८९२ पासून युरोपियन व पारशी, १९०७ पासून हिंदु, १९१२ पासून मुसलमान अशी ती परंपरा वाढत जाऊन १९४६ सालीं खंडित झाली. हिंदुस्थानांतील पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्यें बाँबे जिमखान्यावर झाला, व त्यांत लाला अमरनाथ यांनीं शतक काढलें.

यापुढील इतिहास समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीवर घडला. बॅक बेच्या भरावावर १९३७ च्या डिसेंबरांत ब्रेबोर्न स्टेडियम खुलें झालें. पुढें त्याचा मालक क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यांत तिकिटांच्या वाटणीवरून बेबनाव झाला. तेव्हां शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें जवळच दुसरें स्टेडियम बांधण्यांत आलें, व जानेवारी १९७५ मध्यें तेथें पहिला कसोटी सामना झाला. २०११ सालचा विश्वचषकाचा अंतिम सामना तेथलाच.

एवंच, रेल्वेच्या रुळांच्या पश्चिमेस समुद्रापासून मिळविलेली भूमि भिंतींनीं वेढलेली आहे. पूर्वेस मराठ्यांच्या धास्तीनें मोकळी केलेली भूमि बव्हंशीं अद्याप उघडी आहे. १९८८ च्या फेब्रुवारींत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या दोन शाळकरी मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, ती पूर्वेकडील आझाद मैदानावर. तेथें प्रेक्षकांस तिकीट लागत नव्हतें. मोकळी जागा म्हणजे रिकामी जागा नव्हे. तिलाही दप्तर असतें, आणि तें जपलें तरच तिचा हक्क सिद्ध होतो. वाचकांपैकीं ज्यांच्या संग्रहीं कोटाचे जुने नकाशे, जिमखान्यांच्या वर्गणीच्या वह्या किंवा मैदानाविषयींचे अर्ज असतील, त्यांनीं त्यांच्या नकला अवश्य प्रसिद्ध कराव्या.