ब्रेक पॅड बदलायचे की डिस्कही? आधी मोजा, मगच पैसे मोजा. चारचाकीवाल्यांसाठी कामाची माहिती

अर्जुनी मोरगाव : धानाच्या रोवणीत ट्रॅक्टर बांधीतून थेट डांबरी रस्त्यावर येतात आणि चाकांचा चिखल रस्त्यावरच पडतो. तोच चिखल मागून येणाऱ्या कारच्या ब्रेकमध्ये शिरतो. पावसाळा सरता सरता ब्रेकमधून आवाज येऊ लागतो. गाडी गॅरेजला नेली की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक जण म्हणतो, ‘नुसते पॅड टाका, चालून जाते.’ दुसरा म्हणतो, ‘डिस्कपण गेली, पूर्ण सेट बदला.’ पहिला सल्ला चुकला तर जिवाशी गाठ, दुसरा चुकला तर हजारो रुपये फुकट. खरं काय ते अंदाजाने नाही, मोजून ठरतं. आणि हे मोजमाप गाडीमालकाला आपल्या डोळ्यांसमोर करून घेता येतं.

पॅड काय, डिस्क काय?

आपल्या भागात चालणाऱ्या बहुतेक गाड्यांना, मग ती अल्टो असो, वॅगनआर असो की बोलेरो, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. चाकासोबत फिरणारी लोखंडी तबकडी म्हणजे डिस्क. डब्यावर तिलाच ‘रोटर’ लिहिलेलं असतं. ब्रेक दाबला की कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड डिस्कवर आवळतो आणि गाडी थांबते. ड्रममध्ये पॅडऐवजी शू असतात, त्यालाच गॅरेजमध्ये ‘लायनर’ म्हणतात.

ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो. त्यामुळे थांबवण्याचं जास्त काम पुढचे ब्रेक करतात आणि पुढचे पॅड आधी झिजतात.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे जाते. म्हणजे पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एवढं अंतर संपलेलं असतं. वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यानंतरचं थांबण्याचं अंतर साधारण चौपट होतं. नवेगावबांध, गोठणगाव, केशोरीकडचे रस्ते जंगलातून जातात. नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. चितळ, रानडुक्कर कधी आडवं येईल सांगता येत नाही. गावाजवळ गुरंढोरं आणि सायकलवर शाळेत जाणारी पोरं असतातच. अशा वेळी कमी पडलेले दोन-तीन मीटर महागात पडतात.

आवाज आणि लक्षणं ओळखा

– ब्रेक दाबताना बारीक ‘चीं’ असा आवाज : अनेक पॅडना एक छोटी लोखंडी पत्ती असते. पॅड झिजला की ती डिस्कला घासून आवाज करते. हा इशारा आहे. धुळीमुळेही असा आवाज येतो, म्हणून चाक काढून बघा.
– ‘खर्रखर्र’ आवाज : पॅडचा मसाला संपून मागची लोखंडी पट्टी डिस्क खात असू शकते किंवा खडा अडकलेला असतो. गाडी पुढे दामटू नका.
– ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरणं, पेडल पायाला धक्के देणं : डिस्क सगळीकडे सारखी राहिलेली नसते.
– गाडी एका बाजूला ओढणं : कॅलिपर जाम झालेला असू शकतो. आधी टायरची हवा तपासा.
– पेडल मऊ लागणं, खाली जाणं : हा दोष सहसा पॅडचा नसतो. ब्रेक लाइनमध्ये हवा किंवा ऑइलची गळती असू शकते. नवे पॅड टाकून हा दोष जात नाही.
– रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज : हलका गंज चार-पाच ब्रेक मारले की निघतो. त्यासाठी डिस्क बदलायची गरज नाही. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या डिस्कला खड्डे पडले असतील, तर गोष्ट वेगळी.

पॅड कधी बदलायचे?

नव्या पॅडवर मसाल्याचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलायची वेळ झाली. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली, तर जवळपास तेवढी जाडी होते. मोजताना मागची लोखंडी पट्टी धरायची नाही, फक्त मसाला मोजायचा. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा.

आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड बघा. बाहेरचा ठीक दिसतो आणि आतला संपलेला असतो, असं चिखलाच्या भागात होतं. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या मातीने जाम झाल्या की एकच पॅड घासत राहतो. अशा गाडीत नुसते नवे पॅड टाकले तर तेही लवकर जातात. पिना साफ करून ब्रेकसाठीचंच, उष्णता सहन करणारं ग्रीस लावायला सांगा. ट्रॅक्टरचं साधं ग्रीस इथे चालत नाही.

डिस्क कधी बदलायची?

डिस्कची कमीत कमी जाडी किती चालते, तो आकडा बहुतेक डिस्कच्या काठावर किंवा मधल्या भागावर कोरलेला असतो. त्याच्या आधी इंग्रजी अक्षरांत ‘मिन टीएच’ असं लिहिलेलं दिसतं. गंज चढला असेल तर तारेच्या ब्रशने घासून बघा. समजा नवी डिस्क २२ मिलिमीटरची आणि किमान आकडा २० असेल, तर २१ भरलेली डिस्क मोजमापात पास. २० च्या खाली गेली की बाद.

मोजायला व्हर्निअर किंवा मायक्रोमीटर लागतो. लेथवाल्याकडे तो असतोच. डिस्क झिजली की काठाला न झिजलेली उंच कड राहते. व्हर्निअर त्या कडेवर टेकवला तर आकडा जास्त येतो आणि बाद डिस्क पास होते. म्हणून पॅड जिथे घासतो तिथेच, गोल फिरवत निदान चार ठिकाणी मोजायला सांगा. आकड्यांत फरक पडला तर थरथर तिथूनच येते.

जाडी शिल्लक असेल तर लेथवर हलका कट मारून डिस्क सरळ करता येते. पण कट मारल्यावरही जाडी किमान आकड्याच्या वर राहिली पाहिजे. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकू शकते. डिस्कला तडा दिसला तर मोजत बसू नका, ती बदलाच.

कोणते पॅड घ्यावेत?

बाजारात मोटामोटी तीन प्रकार मिळतात. ऑरगॅनिक पॅड शांत असतात, पण जास्त तापले की पकड कमी होते. सेमी-मेटॅलिक पॅड भार आणि उष्णता झेलतात, पण आवाज करतात आणि डिस्क जास्त खातात. सिरॅमिक पॅडची धूळ कमी, किंमत जास्त. घरच्या वापराच्या गाडीला कंपनीने मुळात जे पॅड दिले, त्याच प्रकारचे पुरेसे आहेत. धानाचे कट्टे भरून किंवा लग्नाची, प्रतापगडच्या यात्रेची माणसं घेऊन गाडी नेहमी चालत असेल, तर सेमी-मेटॅलिकबद्दल मेकॅनिकशी बोला.

– एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांना पॅड वेगळे लागू शकतात. दुकानात आरसी न्या, चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढायला सांगा. जुना पॅडही सोबत ठेवा.
– डब्यावर एमआरपी, पार्ट नंबर, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे का ते बघा. पॅडच्या पाठीवरचा नंबर डब्याशी जुळला पाहिजे. खुल्या पिशवीतला माल घेऊ नका.
– भाव बाकी दुकानांपेक्षा फारच कमी असेल तर नकली मालाची शंका घ्या.
– २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे. बिलात २८ टक्के लावले असतील तर विचारा.

बसवताना समोर उभे राहा

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे सोबत बदलायचे. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते. डिस्कचंही तसंच, दोन्ही बाजूंची जोडी बदलायची. नव्या डिस्कवर जुने पॅड बसवू नयेत. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसावा लागतो. डिझेलच्या फडक्याने पुसलं तर पॅडला तेल लागतं आणि पकड जाते. ब्रेकची धूळ फुंकणीने किंवा हवेच्या पाइपने उडवू नये, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसावी.

पॅड झिजले की ब्रेक ऑइलची पातळीही खाली जाते. नुसतं ऑइल टाकून पातळी वाढवणं हा इलाज नव्हे. टाकीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिलं असेल तेच टाका. इंजिन ऑइल किंवा स्टेअरिंग ऑइल चुकूनही पडलं तर रबर फुगून ब्रेक निकामी होऊ शकतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावं.

सगळ्यात महत्त्वाचं : काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिले काही दाब रिकामे जातात. हे न करता गाडी काढली तर ती भिंतीवर किंवा माणसावर जाईल.

पुढचे २००-३०० किलोमीटर जोराचा ब्रेक टाळा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक आठ-दहा वेळा मारा, मधे थोडी गाडी चालू द्या. पॅड आणि डिस्कचं जमतं. पाण्यातून गाडी काढल्यावर मात्र नवी असो की जुनी, मागे-पुढे बघून हलके ब्रेक मारून ते सुकवा.

बिल घ्या, जुना माल मागा

पक्क्या बिलावर पार्ट नंबर आणि तारीख लिहून घ्या. काढलेले पॅड, डिस्क परत मागा, म्हणजे खरंच बदलले की नाही ते कळतं. माल नकली निघाला किंवा एमआरपीपेक्षा जास्त घेतले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, पण हातात बिल असावं लागतं.

रोवणीआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, असं वर्षातून दोनदा चाक काढून पॅड आणि डिस्क मोजून घ्यावी. आकडे बिलाच्या मागे तारखेसह लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी किती झीज झाली ते लगेच कळतं आणि ‘बदलायचे की नाही’ हा वादच राहत नाही.