घरच्या संगणकाची राखण

घरात नवा संगणक आला की विक्रेता एक प्रश्न हटकून विचारतो: अँटीव्हायरस कोणता घालू? गृहस्थ शेजाऱ्याचा सल्ला घेतो, पुतण्याला विचारतो आणि अखेरीस जे वेष्टन समोर येईल ते घेऊन मोकळा होतो. पण हा प्रश्न त्याच्यापुढे मुळात आलाच का, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाही. कपाट विकत घेताना त्याचे कुलूप आपण दुसऱ्या दुकानातून आणीत नाही. मग संगणकाचीच राखण निराळी का विकत घ्यावी लागावी? ह्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो थोडासा तरी ध्यानी घेतल्यावाचून ही निवड डोळसपणे करता येणार नाही, असे मला वाटते.

स्वतःची प्रत स्वतःच काढीत एका यंत्रातून दुसऱ्यात जाणारी आज्ञावली प्रथम १९७१ मध्ये अमेरिकेत बॉब टॉमस ह्यांनी लिहिली. तिचे नाव क्रीपर. तिने कोणाचे नुकसान केले नाही. तो एक प्रयोग होता. तिला हुडकून नाहीशी करणारी रीपर नावाची दुसरी आज्ञावली रे टॉमलिन्सन ह्यांनी रचली. चोर आणि शिपाई असे जवळजवळ एकाच घरात जन्मले. पुढे १९८३ मध्ये फ्रेड कोहेन हा विद्यार्थी अशा आज्ञावलींचा अभ्यास करीत असता त्याचे गुरू लेनर्ड एडलमन ह्यांनी त्यांना ‘व्हायरस’, म्हणजे विषाणू, हे नाव सुचविले. कोहेनने नंतर गणिताच्या आधारे एक गोष्ट सिद्ध केली: प्रत्येक विषाणू अचूक ओळखील आणि निरुपद्रवी आज्ञावलीला कधीही दोषी ठरविणार नाही, अशी परीक्षा अस्तित्वात असूच शकत नाही. वेष्टनावर ‘शंभर टक्के संरक्षण’ असे शब्द दिसले, तर हा सिद्धांत आठवावा. तो पुसून टाकणारा कोणी अद्याप जन्मलेला नाही.

घरगुती संगणक ह्या सुमारास बाजारात आले. ते एका माणसाने एकट्याने वापरावयाचे यंत्र म्हणून घडविले होते. त्यात धनी आणि पाहुणा असा भेदच नव्हता. जी आज्ञावली आत येईल तिला सारे घर मोकळे. राखण निराळी विकत घ्यावी लागली तिचे मूळ कारण हे. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन हा विषाणू फ्लॉपी चकत्यांवाटे देशोदेशी पोहोचला. गंमत अशी की, त्यात त्या बंधूंनी आपले नाव, पत्ता आणि दूरध्वनीचा क्रमांकही घातला होता! आपल्या आज्ञावलीची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून हे केले, असे त्यांचे म्हणणे होते.

आपल्याकडेही चकत्या हातोहात फिरत, आणि त्यांबरोबर विषाणूही. पुण्यात यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर ह्यांच्याकडे येणाऱ्या संगणकांत अशी बाधा झालेले पुष्कळ असत. त्यांचे धाकटे बंधू संजय ह्यांनी त्यावर उतारा म्हणून आज्ञावली लिहिली, आणि त्यातूनच १९९० च्या दशकात क्विक हील हे नाव पुढे आले. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेला हा मराठी उद्योग २०१६ मध्ये शेअर बाजारात दाखल झाला.

ह्या औषधांची पद्धत आरंभी साधी होती. ठाऊक असलेल्या प्रत्येक विषाणूची एखादी खूण यादीत टिपून ठेवावयाची आणि प्रत्येक फाईल त्या यादीशी ताडून पाहावयाची. पोलिसांकडील बोटांच्या ठशांसारखाच हा प्रकार होय. नवा गुन्हेगार यादीत नसतो, म्हणून यादी सतत ताजी ठेवावी लागते. पुढे आज्ञावलीच्या वागणुकीवरून संशय घेण्याची रीत आली. पण संशय म्हटला की निरपराधही सापडावयाचे. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका सदोष यादीने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाईल विषाणू ठरविली, आणि असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद पडू लागले. राखणदाराला घराच्या साऱ्या किल्ल्या द्याव्या लागतात, हे विसरून चालत नाही.

फायरवॉलची कथा निराळी. शेजारच्या घरातील आग आपल्याकडे पसरू नये म्हणून बांधलेली भिंत, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस ह्या विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘किड्या’ने तेव्हाच्या इंटरनेटवरील सुमारे ६,००० संगणक बेजार केल्याचा अंदाज आहे, सारे मिळून यंत्रेच तेव्हा ६०,००० च्या आसपास. त्यानंतर जाळ्याच्या वेशीवर येणाऱ्याजाणाऱ्याची झडती घेण्याची निकड सर्वांस पटली. परंतु ही व्यवस्था होती विद्यापीठांची आणि कचेऱ्यांची. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांस इंटरनेट मिळू लागले, तेव्हा दूरध्वनीच्या तारेने जोडलेला घरचा संगणक थेट चव्हाट्यावर उभा असे.

त्याचा परिणाम ऑगस्ट २००३ मध्ये दिसला. ब्लास्टर नावाचा किडा कोणीही काहीही न उघडता नुसत्या जोडणीवाटे आत शिरू लागला. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती. पण ती बंद ठेवून संगणक विकला जाई! दार होते, अडसर घातलेला नव्हता. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने दिलेल्या दुरुस्तीने ती आपोआप चालू झाली. २०१२ च्या विंडोज ८ पासून विषाणूंचा शोध घेणारा डिफेंडरही यंत्राबरोबरच येऊ लागला. म्हणजे जे कुलूप निराळे घ्यावे लागे, ते कपाटालाच बसून आले. दुकानातील प्रश्न मात्र बदलला नाही.

आज निवड करणाऱ्याने ह्या दोहोंतील भेद ओळखावा. फायरवॉल अनाहूताला अडविते. आपणच ज्याला आत बोलावले त्याला नव्हे. ४ मे २००० रोजी प्रेमपत्राच्या मिषाने जगभर पसरलेली ‘आय लव्ह यू’ ही आज्ञावली लोकांनी आपल्या हातांनी उघडली होती. तेथे कामी यावा तो अँटीव्हायरस, आणि त्याहून अधिक आपला सावधपणा. माझ्या मते सामान्य घरात विंडोजची फायरवॉल आणि डिफेंडर चालू असणे पुरेसे आहे. इंटरनेटसाठी घरी बसविलेला राउटरही बाहेरून आपण होऊन येणाऱ्यास बहुधा अडवितोच. मुलांवर देखरेख किंवा अडचणीच्या वेळी आपल्या भाषेत साहाय्य हवे असेल, तर पैसे देऊन दुसरा अँटीव्हायरस खुशाल घ्यावा. मात्र घेण्यापूर्वी जर्मनीतील एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्ज ह्या परीक्षक संस्थांचे निष्कर्ष पाहावेत, आणि त्यांतही नुसती पकड न पाहता खोटे इशारे किती व संगणक किती मंदावतो, हेही पाहावे. दोन अँटीव्हायरस एकत्र नांदवू नयेत. ते एकमेकांवरच संशय घेतात. आणि वर्षाची वर्गणी संपली की नूतनीकरण करावे, नाही तर तो काढून टाकून डिफेंडरला जागा द्यावी. शिळ्या यादीचा पहारेकरी भलताच विश्वास मात्र देतो.

खरे म्हणजे कोणत्याही वेष्टनापेक्षा मोलाच्या ठरतात त्या मूळ प्रणालीच्या दुरुस्त्या. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाच्या आज्ञावलीने फायलींना कुलपे घालून खंडणी मागितली. ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम खोळंबले, आंध्र प्रदेशातील पोलिसांच्या काही संगणकांनाही झळ लागली. ज्या भगदाडातून ती शिरली ते बुजविणारी दुरुस्ती मार्च महिन्यातच निघालेली होती, आणि तीही विनामूल्य. फायलींची दुसरी प्रत ज्यांनी निराळ्या डिस्कवर काढून ठेवली होती, त्यांना खंडणीचा विचारच करावा लागला नाही.

विंडोज १० ला मिळणाऱ्या सर्वसाधारण दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. ज्यांच्या घरी ते यंत्र अजून आहे आणि पुढील आवृत्ती त्यावर चालत नाही, त्यांनी मायक्रोसॉफ्टची मुदतवाढीची सोय मिळते का ते पाहावे किंवा त्यावर लिनक्स घालावे. हे होईपर्यंत त्यावर पत्रे लिहावीत, गाणी ऐकावीत; बँकेचे व्यवहार तेवढे करू नयेत.