नवी आवृत्ती आणि जुन्या पुरवण्या : ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नियमग्रंथांतील सुसंगतीचा प्रश्न

प्रस्तावना :
गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाप्रधान खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. या खेळात नियमग्रंथ हेच प्रमुख साधन होय. मूळ ग्रंथांना जोडून साहसकथा, राक्षसकोश, प्रदेशवर्णने अशा पुरवण्या निघत गेल्या. साहजिकच नवी आवृत्ती येताच आधीच्या पुरवण्यांचे काय, हा प्रश्न निर्माण झाला. प्रस्तुत लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

गणित आणि त्याची मर्यादा :
१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने लढतीची मूळ चौकट कायम ठेवली. त्यामुळे जुन्या साहसकथा किरकोळ फेरफाराने चालत. १९९७ मध्ये ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने मूळ प्रकाशनसंस्था ‘टीएसआर’ विकत घेतली आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढली. पूर्वी चिलखतांक जितका कमी तितके संरक्षण अधिक असे. आता हा क्रम उलटला. तरी २० मधून जुना अंक वजा केला की नवा मिळे : साखळी-चिलखताचा ५ हा अंक १५ होई. रूपांतराची पुस्तिकाही प्रसिद्ध झाली. परंतु नव्या नियमांत राक्षसांनाही शक्ती, चपळाई आदी गुणांक व कौशल्ये आवश्यक ठरली. जुन्या कोशांत ती बहुतांशी नव्हतीच. जे लिहिलेलेच नाही, त्याचे रूपांतर गणिताने होत नाही. ते नव्याने रचावे लागते.

परवाना आणि परंपरा :
२००० च्या मुक्त परवान्यामुळे अन्य प्रकाशकांनीही पुरवण्या छापल्या. २००३ च्या ‘साडेतीन’ या सुधारित आवृत्तीने त्या अल्पावधीतच जुन्या ठरवल्या. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने तर पूर्वपरंपराच तोडली. मात्र त्याच परवान्याच्या आधारे ‘पायझो’ने २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ काढून साडेतीनची चौकट जिवंत ठेवली. २०२४ मध्ये पाचव्या आवृत्तीचे नियम सुधारताना प्रकाशकांनी २०१४ पासूनच्या साहसकथांशी सुसंगतीची ग्वाही दिली.

निष्कर्ष :
सुसंगती ही केवळ तांत्रिक बाब नाही. नवे ग्रंथ खपावेत ही प्रकाशकाची गरज, तर संग्रहातील ग्रंथ निरुपयोगी होऊ नयेत ही वाचकाची अपेक्षा असते. या दोहोंच्या ओढाताणीत मुक्त परवान्याने जुन्या नियमांचे आयुष्य ठरवण्याचा एकाधिकार प्रकाशकाच्या हाती राहू दिला नाही, हे या इतिहासाचे महत्त्वाचे फलित होय.