साठ मिनिटे आणि भारनियमन

सातारा-सांगली भागातील संगणकाचा इतिहास सांगायचा झाला की जाणकार मंडळी वारणेपासून सुरुवात करतात. ते एका अर्थी बरोबरच आहे. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरातील, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकाच्या जाळ्याने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. 'वायर्ड व्हिलेज' हे त्याचे तेव्हा गाजलेले नाव. ऊस उत्पादकाला तोडणीची पाळी, वजन आणि बिल गावातच कळावे, बाजारभाव आणि शेतीची माहिती पडद्यावर मिळावी, असा त्यामागचा हेतू होता. या प्रकल्पावर अहवाल निघाले, परदेशी अभ्यासक येऊन गेले, प्रबंध लिहिले गेले.

नेमक्या त्याच वर्षांत सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा या गावांतील दहा बाय दहाच्या खोल्यांत आणखी एक संगणक-शिक्षण चालू होते. त्याचा एकही अहवाल नाही. तेथे मुले खेळत होती. आमच्या पिढीतील ज्यांनी पुढे संगणकावर पोट भरले, त्यांतील बहुतेकांची या यंत्राशी पहिली ओळख खेळातून झाली, असे माझे मत आहे. आणि आपल्याकडे खेळ ही नोंद ठेवण्याजोगी गोष्ट मानली जात नसल्यामुळे या शिक्षणाचा इतिहास जवळजवळ पुसला गेला आहे.

या प्रदेशाला यंत्राचे वेड नवे नाही. औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेथून लोखंडी नांगर बाहेर पडू लागले. साताऱ्यात कूपरांच्या कारखान्यात इंजिने बनत. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर महाराष्ट्रभर घरोघरी होता. (कंदिलाकडे पुढे परत यावेच लागणार आहे.) यंत्र उघडून पाहणे हा इकडच्या माणसाचा स्वभावच म्हणायला हरकत नाही. तरीही यंत्राशी खेळणे आणि यंत्राने काम करणे यांत इकडच्या घरांनी नेहमीच फरक केला.

खेळाबद्दल मात्र सांगलीचे धोरण गमतीचे आहे. सांगली ही बुद्धिबळाची नगरी. भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ यांनी येथे जे वातावरण तयार केले, त्यातून राष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू घडले. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे या सांगलीच्याच. उन्हाळ्याच्या सुट्टीत पटावर चार-चार तास बसणाऱ्या मुलाचे कौतुक होई. तोच मुलगा दूरचित्रवाणी संचासमोर तासभर बसला, की तो वाया गेला. एकाग्रता तीच, हरण्याची चरफड तीच, डाव पुन्हा मांडण्याची ईर्ष्याही तीच. पण एका खेळाला प्रतिष्ठा होती आणि दुसऱ्याला नव्हती.

हा दुसरा खेळ आला तो 'टीव्ही गेम' या नावाने. निंटेंडो कंपनीने १९८३ मध्ये जपानात फॅमिकॉम हे यंत्र आणले. त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात भारतभर पसरल्या. समुराई, लिटल मास्टर अशी त्यांची नावे. निंटेंडो हे नाव आम्ही खूप नंतर ऐकले. पिवळ्या किंवा काळ्या कॅसेटवर '९९९९९ इन १' असे छापलेले असे आणि आत पाच-दहा खेळ निरनिराळ्या नावांनी फिरून फिरून येत. मारिओ, काँट्रा, बंदुकीने बदके टिपण्याचा खेळ. काँट्रामध्ये वर-वर-खाली-खाली अशा क्रमाने कळा दाबल्या की तीस जीव मिळतात, ही माहिती कोणत्याही मासिकाविना, महाजालाविना साताऱ्यापासून जतपर्यंत कशी पोहोचली हा संशोधनाचा विषय आहे. उन्हाळ्यात मामाकडे जाणारी मुले हेच बहुधा तिचे वाहक असावेत.

पुढे जगभर मुले प्लेस्टेशनकडे वळली आणि आपल्याकडे ती संगणकाकडे वळली. याचे श्रेय मुलांच्या आवडीला कमी आणि जकातीला अधिक आहे. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक व त्याच्या सुट्या भागांवरील आयात शुल्क शून्यावर आले. खेळाची यंत्रे मात्र त्या करारात नव्हती. संगणक हे 'ज्ञानाचे साधन' आणि प्लेस्टेशन ही चैन, ही विभागणी आमच्या घरांत होती तशीच ती आंतरराष्ट्रीय करारातही होती. परिणामी मुलाच्या शिक्षणासाठी म्हणून कर्ज काढून घेतलेल्या संगणकावरच खेळ शिरले.

त्यातला आमचा पहिला दैवी खेळ म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया. जॉर्डन मेकनर या तरुणाने तो १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. धावणाऱ्या, उडी मारणाऱ्या आपल्या धाकट्या भावाचे चित्रीकरण करून त्यावरून त्याने राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या होत्या. म्हणूनच तो राजपुत्र कड्याला लोंबकळताना खरोखरच जीव मुठीत धरल्यासारखा वाटे. हा खेळ अमेरिकेतून सांगलीत कोणत्या वाटेने आला, हे सांगायला नको. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून फ्लॉपीवर, एका खिशातून दुसऱ्या खिशात. पहिली पातळी संपली की एक विचित्र दालन लागे. तेथे अनेक कुप्या आणि वर रोमन अक्षरे. पुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक शब्दाचे पहिले अक्षर शोधून तीच कुपी प्यायची. चुकीची प्यालात तर मृत्यू. विकत न घेता खेळणाऱ्यांना अडवण्यासाठी ही युक्ती होती. आमच्याकडे पुस्तिका नव्हतीच. मग वहीत तक्ते करून, कोणत्या प्रश्नाला कोणते अक्षर चालले याची नोंद ठेवून, अनेक राजपुत्रांचे बळी देऊन ते दालन पार केले जाई. पुढे कोणीतरी खेळ सुरू करतानाच 'मेगाहिट' हा शब्द जोडायची युक्ती आणली. आज्ञेला जोडून पॅरामीटर देता येतो, हा धडा अभ्यासक्रमात यायला तेव्हा बराच अवकाश होता.

या खेळाला साठ मिनिटांची मर्यादा होती. तासाभरात बारा पातळ्या ओलांडून राजकन्येला सोडवायचे. मेकनरच्या कल्पनेत ही साठ मिनिटे राजपुत्रापुढची अडचण होती. आमच्याकडे सलग साठ मिनिटे वीज मिळणे हीच अडचण होती.

येथे कोयनेचा उल्लेख टाळता येत नाही. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात अडवलेले हे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला उतरते आणि रत्नागिरी जिल्ह्यात पोफळीच्या बाजूला वीज तयार होते. १९६२ पासून एकेक टप्पा वाढत प्रकल्पाची क्षमता सुमारे १९६० मेगावॉटवर पोहोचली. १९९९ मध्ये शिवसागर जलाशयाच्या तळाशी स्फोट घडवून चौथ्या टप्प्यासाठी पाणी घेण्यात आले, त्याचे वर्तमानपत्रांत मोठे कौतुक झाले होते. मग ज्या जिल्ह्यात धरण, त्या जिल्ह्यात अंधार का? हा प्रश्न आम्ही तेव्हा फार त्वेषाने विचारत असू. उत्तर रुक्ष आहे. कृष्णा पाणीतंट्याच्या बच्छावत लवादाने कोयनेतून पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसी अशी मर्यादा घातली आहे. म्हणून कोयनेची जनित्रे चोवीस तास नव्हे, तर मागणी चढते तेव्हाच प्रामुख्याने चालवायची असतात; आणि ती वीज जिल्ह्याच्या नव्हे, राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. पलीकडे गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये बंद पडला. मागणी वाढत राहिली, नवी वीज आली नाही, आणि २००५ च्या सुमारास 'भारनियमन' हा शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी बसला. वर्तमानपत्रात वेळापत्रक छापून येई आणि आम्ही ते परीक्षेच्या वेळापत्रकापेक्षा काळजीपूर्वक वाचत असू.

मात्र वेळापत्रकाबाहेर जाणारी वीज ही खरी वैरीण. त्या प्रिन्समध्ये खेळ जतन करण्याची सोय होती, पण तिसऱ्या पातळीपासून पुढे. टीव्ही गेमच्या बहुतेक कॅसेटमध्ये तीही नव्हती. लाइट गेली की काँट्राचा आठवा टप्पा आणि पहिला टप्पा यांत काही फरक उरत नसे. संगणक परत सुरू झाला की विंडोज ९८ आपल्यालाच दटावत असे की संगणक नीट बंद केला नव्हता, आणि मग निळ्या पडद्यावर तपासणीची पट्टी सरकत राही. दर झटक्यासरशी हार्ड डिस्कवर एखादा खराब भाग वाढे. मिरजेच्या एका दुकानातून घेतलेल्या माझ्या यूपीएसची बॅटरी वर्षभरात इतकी दमली, की तो फक्त वीज गेल्याची शिट्टी वाजवून दुःख जाहीर करी. घरात कंदील लागे आणि डोक्यात राजपुत्र त्याच कड्याला लोंबकळत राही.

हे दुःख फार लहान आहे, याची जाणीव आहे. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्यापुढे अर्धवट राहिलेल्या खेळाची तक्रार मांडताना ओशाळल्यासारखे होते. पण या अडचणीने एक सवय लावली: दर पाच मिनिटांनी काम जतन करणे. भारनियमनाच्या प्रदेशात वाढलेला प्रोग्रॅमर मुंबई-पुण्याच्या कचेरीत बसला, तरी त्याची बोटे आपोआप त्या दोन कळांकडे जातात. जतन, प्रत, पर्यायी मार्ग हे सारे आम्ही खेळताना शिकलो. एमएस-सीआयटीचे वर्ग २००१ नंतर गल्लोगल्ली निघाले, त्यात माउस धरायला शिकवत. तो हात आमचा आधीच बसलेला होता.

आता पुन्हा वारणेकडे. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाच्या अभ्यासकांनी तेथे पाहणी केली, तेव्हा असे दिसले की गावोगावीचे ते संगणक प्रामुख्याने उसाच्या नोंदींसाठीच वापरले जात होते. बाजारभाव, शेतीचे ज्ञान, महाजाल हे बाजूला राहिले होते. मग त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलवरून लघुसंदेशाने तेच काम करून दाखवले. हे अपयश म्हणायचे की नाही यावर मतभेद आहेत. उसाचा हिशोब वेळेवर मिळणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने सामान्य गोष्ट नव्हे. मला एवढेच वाटते, की त्या यंत्रांवर गावातल्या पोरांना संध्याकाळी तासभर मोकळे सोडले असते, तर अभ्यासकांना काही निराळे सापडले असते. ज्या संगणकावर फक्त हिशोब करायचा, तो हिशोबाची वही होऊन बसतो.

या सगळ्याचे अवशेष फार थोडे आहेत. फ्लॉप्यांना बुरशी लागली. २००५ आणि त्याहून मोठ्या २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरले, त्यात किती जुनी यंत्रे चिखलात गेली कोण जाणे. यंत्र वाचले तरी खेळ वाचेलच असे नाही. बदके मारायची ती बंदूक काचेच्या नळीच्या जुन्या संचासमोरच चालते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि लक्ष्य पांढरे दिसते, तो प्रकाश बंदुकीने अचूक त्या क्षणी टिपायचा असतो. आजच्या सपाट पडद्याला ती वेळ साधत नाही.

येथे विष्णुदास भाव्यांची आठवण होते. १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' उभे करणाऱ्या या माणसाने लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. नाटकालाही तेव्हा खेळच म्हणत, आणि तोही फारसा प्रतिष्ठित नव्हता. त्या बाहुल्या पेटीत पडून राहिल्या. शंभराहून अधिक वर्षांनी रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. लाकडाला आणि दोऱ्याला तेवढी सवलत असते. चुंबकीय फितीला ती नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सना क्रीडा मंत्रालयाच्या अखत्यारीत आणून खेळ म्हणून मान्यता दिली. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी घालून झाली होती. सांगलीतली मुले आता मोबाईलवर खेळतात. लाइट गेली तरी त्यांचे अडत नाही. पूर्वीच्या सायबर कॅफेंतून सातबारा, दाखले आणि परीक्षांचे अर्ज भरून मिळतात. माझ्या माहितीच्या अशाच एका दुकानात कोपऱ्यातील संगणकावर काउंटर-स्ट्राइकची १.६ आवृत्ती अजून आहे. मालकाने आजवर चार वेळा यंत्रे बदलली आणि प्रत्येक वेळी ती नव्या यंत्रावर उतरवून घेतली. अर्ज भरायला आलेल्यांपैकी कोणी ती उघडत नाही.